बॉनेटखालचा इतिहास

जुन्या मोटारींच्या मेळाव्याला कधी गेला असाल तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. हौशी मंडळी गाडीभोवती फिरतात, दारावरून हात फिरवतात, बंपरच्या क्रोममध्ये स्वतःचा चेहरा बघून घेतात, फोटो काढतात. जाणकार माणूस मात्र मालकाला एकच विनंती करतो, 'जरा बॉनेट उघडता का?' आणि बॉनेट उघडल्यावर तो इंजिनाकडेही फारसं बघत नाही. इंजिनाच्या आजूबाजूचे पत्रे बघतो. बॅटरी ठेवायची जागा, मागची आडवी भिंत, कडेचे कोपरे, वायरी जिथून आत जातात ती भोकं.

या जागेला इंग्रजीत इंजिन बे म्हणतात. गॅरेजमध्ये तिला स्वतंत्र नावच नाही, नुसतं 'बॉनेटच्या आतलं' म्हणतात. देवघर, माजघर, स्वयंपाकघर तसं मी तिला इंजिनघर म्हणते. आज या इंजिनघराच्या रंगाबद्दल बोलायचं आहे. रेडिओवरून रंगाबद्दल बोलणं म्हणजे पत्राने जेवण वाढण्यासारखं आहे, पण माझा विषय रंगापेक्षा त्या रंगाखाली काय दडलेलं असतं हा आहे. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. ताम्रपट, बखरी, दफ्तरं यांच्यावर तासन् तास बोलले. मोटारीचं इंजिनघर हेही एक दफ्तर असतं, हे मला निवृत्तीनंतर आमच्याच घरच्या गाडीने शिकवलं.

आधी एक साधी गोष्ट सांगते. कारखान्यात मोटार रंगवतात तेव्हा तिच्यात इंजिन नसतं. नुसता पत्र्याचा सांगाडा असतो, त्यामुळे रंग आतबाहेर सगळीकडे बसतो. पुढे दहा-पंधरा वर्षांनी मालक गाडी रंगवायला टाकतो, तेव्हा कोणीही इंजिन उतरवत नाही. एवढा खर्च कोण करणार? पेंटर वर्तमानपत्रं पसरतो, कडांना चिकटपट्टी लावतो आणि बाहेरून गन मारतो. म्हणजे बाहेरचा रंग बदलत जातो, आतला पहिला रंग तसाच राहतो. शिवाय गाडीचा चॅसी नंबर, कारखान्याची पट्टी, सुट्या भागांवरचे बनवणाऱ्यांचे शिक्के, हे बहुतेक सगळं बॉनेटखालीच असतं. गाडीचा बाहेरचा पत्रा म्हणजे लग्नाच्या बायोडेटातला फोटो, आणि इंजिनघर म्हणजे जन्मदाखला.

आता मोटारींना रंग देण्याच्या कलेबद्दल थोडं. सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच रंगवत. तेलाचा रंग, वर व्हार्निश, सगळं ब्रशने, आणि प्रत्येक हात वाळायला वेळ. एक गाडी रंगून बाहेर पडायला आठवडे लागत. हेन्री फोर्डच्या कारखान्यात गाड्या भराभर तयार होऊ लागल्या तेव्हा ही वाळवण परवडेना. १९१४ ते १९२५ या काळात त्याची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची, हे सगळ्यांना माहीत असतं. डांबरवर्गातल्या द्रव्यापासून केलेला तो काळा रंग भट्टीत भाजून पक्का होई, स्वस्त पडे आणि टिके.

१९२३ साली चित्र पालटलं. ड्यूपाँ ही मूळची बंदुकीच्या दारूची कंपनी. नायट्रोसेल्युलोज हा स्फोटक दारूचा आणि सिनेमाच्या फिल्मचा जवळचा नातेवाईक. त्यापासून या कंपनीने झटपट वाळणारा रंग काढला आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर तो निळ्या छटेत अवतरला. त्याचं व्यापारी नाव होतं ड्युको. हे नाव ऐकलं की आपल्याकडच्या सुतारांचे आणि पेंटरांचे कान आजही टवकारतात. मुंबई-पुण्यात लाकडी कपाटालासुद्धा 'ड्युको मारायचा का?' असं विचारतात. डालडा आणि झेरॉक्ससारखं तेही नाव कंपनीच्या हातून निसटून आपल्या भाषेत येऊन राहिलं. गॅरेजमध्ये याच जातीच्या रंगाला 'एनसी' म्हणतात. एनसीचा एक गुण लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे. हा रंग वाळला तरी त्याच्या थिनरमध्ये पुन्हा विरघळतो. भट्टीत भाजलेला एनॅमल तसा विरघळत नाही.

आमची गाडी फियाट ११०० डिलाइट, १९६६ची. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली तेव्हा दादा नऊ वर्षांचा होता आणि मी चार. नानांचा गिरगावात दवाखाना होता. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची, असा तो परवान्यांचा काळ. पेढे गाडी आल्यावर वाटले की नंबर लागल्यावर, याबद्दल घरात दोन मतं आहेत.

ही गाडी कुर्ल्याला बनली. त्या कारखान्यामागे मोठी कहाणी आहे. हिंदुस्थानात मोटार तयार व्हावी यासाठी सर विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात परदेश दौरा करून आराखडा तयार केला होता. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी तो उचलून धरला. १९४० साली त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी पक्की केली, पण सरकारने महायुद्धाचं कारण पुढे करून पाठिंबा दिला नाही. शेवटी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ साली कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. जहाज, विमान आणि मोटार या तिन्हींच्या मागे लागलेला हा माणूस १९५३ साली गेला. त्याच वर्षी जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने नवी ११०० मांडली, आणि पुढच्याच वर्षापासून ती कुर्ल्यात बनू लागली.

१९५३चं आणखी एक महत्त्व आहे. टॅरिफ कमिशनने त्या वर्षी अहवाल दिला की ज्यांना इथे खरोखर गाड्या 'बनवायच्या' आहेत त्यांनीच राहावं, नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना जागा नाही. जनरल मोटर्स मुंबईत १९२८पासून शिवडीला गाड्या जोडत होती, फोर्ड त्याच्याही आधीपासून इथे होती. दोघींनी गाशा गुंडाळला. जे राहिले त्यांना एकेक भाग देशात बनवून घेणं भाग पडलं.

हे सगळं मी वर्गात फळ्यावर लिहिलेलं होतं. नियोजन, स्वावलंबन, आयात-पर्याय. मुलं जांभया देत, आणि खरं सांगायचं तर त्यांचं फारसं चुकत नव्हतं. आमच्या गाडीचं बॉनेट उघडलं की तेच सगळं हाताने चाचपता येतं. रचना इटालियन. १०८९ सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन, बिडाचा ब्लॉक, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. इटलीत याच गाडीला पुढे १२२१ सीसीचं इंजिन मिळालं, आपल्याकडे मात्र १०८९च शेवटपर्यंत राहिलं. पण डायनॅमोवरची पट्टी वाचा, लुकास-टीव्हीएस. म्हणजे मद्रासजवळ पाडीला १९६१ साली निघालेली कंपनी. प्लगवर मायको, म्हणजे बंगळूर. बर्मिंगहॅममध्ये जन्माला आलेला एक डायनॅमो पाडीला कसा पोचला, हे एका पितळी पट्टीवर लिहिलेलं असतं. आणि गाडी 'नवी करताना' ही पट्टीच सर्वात आधी घासून, पॉलिश करून, अक्षरं पुसून टाकली जाते.

आमच्या वादाचं मूळ इथेच होतं. चार वर्षांपूर्वी दादाच्या मनात आलं की गाडी नीट करून घ्यावी. तिला पन्नास वर्षं केव्हाच उलटून गेली होती. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात सांभाळलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, आणि नव्या नोंदणीच्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. दादाला एवढं पुरेसं होतं. तो म्हणाला, "अगं, इंजिन उतरवू, आतलं सगळं पत्र्यापर्यंत खरवडू आणि पांढराशुभ्र रंग मारू. पहिल्या दिवशी होती तशी."

पहिल्या दिवशी गाडी पांढरी होती का? दादा म्हणायचा, शंभर टक्के. त्याला तिच्यातून गणपती आणलेला आठवत होता, पांढऱ्या बॉनेटवर सांडलेला गुलाल आठवत होता. माझ्या आठवणीतही गाडी पांढरीच होती. फक्त आई, ती होती तोवर, अधूनमधून म्हणायची, "गाडी राखाडी होती तेव्हा आपण नाशिकला गेलो होतो." आम्ही दोघं हसायचो. शेजाऱ्यांकडे एक राखाडी हिंदुस्थान होती, आई तिच्याशी घोळ घालते आहे असं आम्ही आपसात ठरवून टाकलं होतं. जुने फोटो काळे-पांढरे, त्यात सगळ्याच गाड्या राखाडी. आरसी बुक नंतरचं, त्यात रंग क्रीम, कारण नाना गेल्यावर दादानेच एकदा ती क्रीम करून घेतली होती.

गाडी आम्ही ज्या पेंटरकडे नेली त्यांना सगळे चाचा म्हणतात. कुर्ल्याच्याच एका गल्लीत त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. चाचांनी आयुष्यात किती फियाट टॅक्स्या काळ्या-पिवळ्या केल्या असतील त्याची गणती त्यांनाही नाही. मी त्यांना म्हटलं, "चाचा, खरवडण्याआधी मला आत बघू द्या." ते म्हणाले, "बघा ना टीचर. पण आत मळीशिवाय काही नाही."

मळी होतीच. साखळी-कप्पीने इंजिन उतरवलं, एकेका वायरला चिठ्ठी बांधली, नट-बोल्ट डब्यांत भरून डब्यांवर नावं लिहिली. मग तीन दिवस रॉकेल आणि ब्रश. ऑइल आणि धूळ यांचा साठ वर्षांत जो लेप बसतो तो खरवडताना शिसवी लाकडाच्या भुशासारखा निघतो. एक सांगते, या लेपाला शिव्या देऊ नका. जिथे ऑइल गळत होतं तिथला पत्रा ठणठणीत निघाला. गंज होता तो कोरड्या, स्वच्छ दिसणाऱ्या भागात, आणि सर्वात जास्त बॅटरीच्या ट्रेखाली. बॅटरीतलं अ‍ॅसिड ठिबकतं, रंग उचलतं, मग पत्रा खातं. खायच्या सोड्याचं पाणी ओतलं की फेस येतो, फेस थांबला की अ‍ॅसिड मेलं. ब्रेक ऑइलच्या डबीखालीही रंग उडालेला होता, कारण ब्रेक ऑइल हे रंगाला थिनरइतकंच घातक. इंजिनघरात रंगाचे शत्रू किती! अ‍ॅसिड, ब्रेक ऑइल, पेट्रोल, सायलेन्सरच्या नळीची आच आणि मुंबईची खारी हवा.

मळी गेल्यावर वरून क्रीम रंग दिसला. दादा म्हणाला, "हा माझा." कडांना, रेडिएटरच्या बाजूला, जिथे चाळीसेक वर्षांपूर्वीच्या पेंटरच्या गनचा फवारा आत शिरला होता तिथे क्रीमखाली पांढरा. दादा जिंकल्यासारखा हसला. मी चाचांना विचारलं, "हा पांढरा एनसी आहे का?" त्यांनी थिनरचा बोळा फिरवला. बोळा पांढरा झाला. एनसीच, म्हणजे गॅरेजचं काम. चाचा बोळा फिरवत राहिले. पांढरा विरघळत गेला आणि त्याच्याखाली एक रंग आला, तो मात्र थिनरने हलेना. भट्टीत भाजलेला, कारखान्यातला. फिकट राखाडी.

गॅरेजमध्ये कोणी काही बोललं नाही. मग दादा म्हणाला, "आई नाशिकचं म्हणायची ते…" आणि वाक्य अर्धवट सोडून चहा सांगायला गेला.

साक्षीदार आमच्या घरात होता, आणि तो चुकीचा आहे असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. इतिहासात असं फार वेळा होतं. साक्ष देणारी बाई असली की जरा जास्तच वेळा होतं. असो.

पुढचा पुरावा मागच्या भिंतीवर सापडला. एका घडीत पांढऱ्या रंगाखाली वर्तमानपत्राचा दोन बोटांएवढा तुकडा चिकटून बसला होता. झाकण म्हणून लावलेला कागद, काढताना फाटलेला. त्यावर मराठी अक्षरं, कसल्याशा जाहिरातीची किनार आणि तारखेतला 'ऑगस्ट'. साल नव्हतं. घरी येऊन मी नानांच्या जमाखर्चाच्या वह्या काढल्या. एका वहीत ऑगस्टच्याच पानावर त्यांच्या बारीक अक्षरात नोंद होती, 'गाडी रंग, पांढरा'. वही १९७०ची. दादा तेव्हा तेरा वर्षांचा आणि मी आठ. आमच्या बालपणातल्या बहुतेक सगळ्या आठवणी त्यानंतरच्या. गुलाल खरा होता, पांढरं बॉनेटही खरं होतं, फक्त 'पहिला दिवस' खरा नव्हता.

पण मला सर्वात जास्त अडकवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मागच्या भिंतीचा पत्रा आणि कडेचा पत्रा जिथे जुळतात त्या सांध्यात पाणी शिरू नये म्हणून कारखान्यात एक लुकणासारखा मसाला भरतात. राखाडी रंग त्याच्यावरून मारलेला होता. टॉर्च तिरका धरला तेव्हा त्या मसाल्यावर बोटाचा ठसा दिसला. कुणीतरी तो मसाला अंगठ्याने दाबत दाबत पुढे गेलं होतं. कोपऱ्यात अंगठा वळला होता आणि त्वचेच्या रेषा तशाच उठल्या होत्या.

कुर्ल्याच्या त्या कारखान्यावर वालचंद हिराचंद यांचं नाव आहे, फियाटचं नाव आहे. तिथल्या कामगारांची नावं कुठे आहेत? गंमत अशी की ती न्यायालयाच्या निकालात सापडतात. कारखान्याच्या मोटर विभागातल्या प्रोत्साहन-वेतनाच्या करारावरून दोन संघटनांमध्ये वाद झाला, काही कामगार दिवाणी न्यायालयात गेले, आणि १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या तक्रारी दिवाणी न्यायालयात केव्हा चालतील आणि केव्हा नाही याचा जो दंडक घालून दिला, तो कामगार कायद्याच्या विद्यार्थ्यांना 'प्रीमिअर ऑटोमोबाइल्स' या नावाने पाठ असतो. खटल्याच्या शीर्षकात कंपनीसमोर एका कामगाराचं नाव आहे. तेवढं एक कायद्याच्या पुस्तकात टिकलं. बाकीच्यांचे अंगठे गाड्यांच्या सांध्यांत राहिले.

आणि नेमका तोच सांधा चाचा दुसऱ्या दिवशी ग्राइंडरने साफ करून नवा मसाला भरणार होते.

इथे चाचांची बाजूही सांगायला हवी, कारण ती कच्ची नाही. ते म्हणाले, "टीचर, लोक एवढे पैसे देतात, बॉनेट उघडल्यावर त्यांना चकाचक पाहिजे. मी हे असंच ठेवलं तर म्हणतील, चाचाने काम चोरलं." मेळाव्यांतली चढाओढ बघता त्यांचं म्हणणं खरं आहे. आतून आरशासारख्या लखलखणाऱ्या, कारखान्यातून निघाल्या तेव्हा कधीच नव्हत्या इतक्या गुळगुळीत गाड्यांना टाळ्या मिळतात. लांबी भरून, वॉटर पेपरने घासून, वर क्लिअर कोटचे तीन-चार हात देऊन इंजिनघराचं दागिन्याचं कपाट करतात. मला विचाराल तर तो इतिहासाचा जीर्णोद्धार नाही. जुन्या देवळाच्या दगडाला ऑइलपेंट फासतात, त्यातलाच प्रकार आहे.

जगात या बाबतीत वारं थोडं फिरलं आहे. जुन्या वास्तूंचं जतन कसं करावं यासाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली. तिच्याच धर्तीवर जुन्या मोटारींच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिव्हाने, दहा-बारा वर्षांपूर्वी ट्युरिनची सनद केली. तिचं सार असं की जे मूळ आहे ते शक्य तितकं राखा, हस्तक्षेप कमीत कमी करा, जे नवीन घालाल ते ओळखू येईल असं घाला आणि त्याची नोंद ठेवा. अमेरिकेत पेबल बीचला मोटारींचा जो सर्वात मानाचा मेळा भरतो, तिथे वर्षानुवर्षं चकाकत्या गाड्याच पहिल्या येत. २०२४ साली पहिल्यांदाच तिथला सर्वोच्च मान पुन्हा न रंगवलेल्या, मूळ अवस्थेत राखलेल्या गाडीला मिळाला. ती होती १९३४ची बुगाटी टाइप ५९, बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे एकेकाळी असलेली. रंगाला तडे, टवके उडालेले.

चाचांना मी बुगाटीचा फोटो दाखवला. ते बराच वेळ बघून म्हणाले, "हिचा मालक कंजूष दिसतो." पण दुसऱ्या दिवशी ग्राइंडर बाहेर आला नाही.

मग काय केलं ते सांगते, कारण 'काहीच करू नका' हा सल्ला मुंबईच्या हवेत चालत नाही. गंजाला जतन करता येत नाही, तो थांबवावाच लागतो. आम्ही बाहेरचे दोन्ही रंग इंजिनघरातून थिनरने पुसून काढले आणि कारखान्याचा राखाडी उघडा केला. काम अतिशय सावकाश चालतं, बोळा दर मिनिटाला बदलावा लागतो, नाहीतर विरघळलेला पांढरा रंग राखाडीच्या खरचट्यांत जाऊन बसतो. वर्तमानपत्राचा तुकडा होता तिथे पांढरा तसाच ठेवला, तळहाताएवढा. चॅसी नंबरवर जुन्या पेंटरने रंगाचे इतके हात चढवले होते की आकडे बुजायला आले होते. अशा बुजलेल्या आकड्यांची गंमत आरटीओच्या आवारात कळते. तिथे नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात, आणि छाप उठला नाही की गाडी तुमची असूनही तुमची राहत नाही. आकडे आम्ही दात घासायच्या मऊ ब्रशने मोकळे केले. त्यांच्यावर सँडपेपर किंवा तारेचा ब्रश कधीही फिरवू देऊ नका.

जिथे गंज होता तिथेच घासलं, आणि तेही ओल्या कागदाने. जुन्या रंगांत शिसं असू शकतं, त्याची कोरडी धूळ छातीत जाऊ नये. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे २०१७पासून कडक मर्यादा आली, पण १९६६च्या पत्र्याला ती कशी माहीत असणार? वर रेड ऑक्साइड, मग राखाडी. कोणता राखाडी, यावरही चर्चा झाली. हल्ली सगळे 'टू-के' मारतात, दोन भाग मिसळून केलेला पॉलियुरेथेन. तो चिवट असतो, पेट्रोलला दाद देत नाही. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याच्या फवाऱ्याने पेंटरांना कायमचा दमा लागतो, आणि आपल्या गल्लीबोळांत पेंटर तोंडाला रुमाल बांधून तो मारत असतात. रुमालाने आयसोसायनेट अडत नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा देणारा मुखवटा लागतो, तो चाचांकडे नव्हता. एवढ्याशा जागेसाठी मी तो रंग नको म्हटलं. साधा सिंथेटिक एनॅमल, ब्रशने. चाचांना ब्रश हातात धरायला आधी लाज वाटली. मग त्यांनी तो असा फिरवला की ब्रशची रेघ शोधावी लागते.

छटा मुद्दाम किंचित गडद ठेवली. शेजारी शेजारी बघितलं तर कारखान्याचं काय आणि आमचं काय हे कळावं म्हणून. सांध्यातला अंगठा तसाच आहे. त्याच्यावर आम्ही काहीही लावलेलं नाही, फक्त फोटो काढून ठेवले.

हे काम चालू असतानाच, ३० ऑक्टोबर २०२३ रोजी, मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. पद्मिनी म्हणजे आमच्याच डिलाइटचं पुढचं नाव. फियाटचं नाव गेल्यावर १९७०च्या दशकात ते आलं आणि २०००च्या सुमारास कुर्ल्यातलं तिचं उत्पादन थांबलं. त्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ची, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ती गेली. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोक हळहळले. हजारो पद्मिनी त्याआधीच भंगारात गेल्या होत्या. प्रत्येकीच्या बॉनेटखाली काळ्या-पिवळ्याच्या आत कोणता रंग होता, कोणत्या गावच्या कंपन्यांच्या पट्ट्या होत्या, हे कोणी लिहून ठेवलं असेल असं वाटत नाही. चाचा त्या दिवशी गॅरेजच्या दारात उभं राहून म्हणाले, "टीचर, आधी सांगितलं असतं तर मी एकेकीची झाकणं उघडून बघितली असती."

बाहेरच्या रंगाचं दादाने स्वतःच ठरवलं. गाडी बाहेरून पांढरी होणार, १९७०ची, गुलालाची. आतून राखाडी, आईची. परीक्षक याला गुण देतील की कापतील, याची त्याला आता पर्वा दिसत नाही. फक्त बॅटरीचा ट्रे पूर्ण सडला होता, तो नवा करावा लागला. डेंटरने पत्रा कापून, वाकवून, वेल्डिंग करून दिला. चाचांनी त्याला राखाडीचे दोन हात दिले, तो उलटा केला, खालच्या बाजूला बारीक ब्रशने तारीख घातली आणि मला विचारलं, "टीचर, खाली नाव पण टाकू का?"

"टाका की," मी म्हटलं. त्यांनी टाकलं, उर्दूत.